पदराखालचे हात

धाप्!

माडीवरच्या स्वयंपाकघराच्या फळ्या हादरल्या, तो हादरा जयवंताच्या तळपायांत शिरला आणि भाकरी थापता थापता तिने मान वळवली. दारात गंगू उभी होती. एक रिबीन सुटून खांद्यावर लोंबत होती, गाल तापले होते आणि डोळ्यांत संताप... एवढा संताप की नवव्या वर्षातल्या लेकराच्या डोळ्यांत तो मावावा तरी कसा! तिचे ओठ भराभर हलत होते. जयवंता जन्माची बहिरी; ओठांवरून तिला शब्दांचे तुकडे तेवढे वेचता येत. आत्ताही एकच तुकडा हाती लागला... "बोल!"

आणि जयवंताने तेच केलं जे ती गेली कित्येक वर्षं करत आली होती. पिठाने भरलेले दोन्ही हात तिने पदराखाली घेतले.

गंगू धावून आली. तिने पदर ओढला, आतले हात शोधले, मनगटांना धरून ते बाहेर काढले आणि गदगदा हलवले. "बोल! बोल ना!" आणखी एक क्षण गेला असता तर जयवंताची बोटं तिला न विचारताच बोलून गेली असती, आणि मग एवढ्या वर्षांची तपश्चर्या मातीमोल! तिने हिसडा देऊन हात सोडवून घेतले. गंगू मागे धडपडली, भिंतीला टेकली आणि तिने आपल्या जन्मदात्या आईकडे अशा नजरेने पाहिलं की परक्या बाईकडेही कुणी तसं पाहू नये! मग ती रडत जिना उतरून गेली. तव्यावरची भाकरी करपली.

झालं होतं असं, की त्या दुपारी गंगू मोठ्या चुलत्याबरोबर, हिम्मतरावांबरोबर, गौलीगुड्याला पत्र्याची पेटी घ्यायला गेली होती. तिथे हनीफच्या बुकबाइंडिंगच्या दुकानाच्या ओट्यावर दर रविवारी शहरातली बहिरी माणसं जमत. जयवंता आणि तिचा नवरा एकनाथ, तोही बहिरा, छापखान्यात खिळे जुळवणारा, हा रविवार कधी चुकवीत नसत. कुणी तेलुगू घरातलं, कुणी मराठी, कुणी उर्दू. पण ओट्यावर आलं की सगळ्यांची भाषा एकच, हातांची. शहरात तेव्हा भाषावार प्रांतरचनेवाचून दुसरा विषय नव्हता. हैदराबाद राज्याचे तीन तुकडे व्हायला फार दिवस उरले नव्हते. हनीफने त्यावरून हातांनीच विचारलं, "तेलुगूवाले आंध्राकडे, कानडीवाले म्हैसूरकडे, मराठीवाले मुंबईकडे. आपल्याला कुणाकडे अलॉट केलंय?" तशी जयवंताची बोटं फडफडली, "या ओट्याकडे! राजधानी हीच आणि मुख्यमंत्री तू. चहा तेवढा सरकारी खर्चाने पाज!" सगळा ओटा खदखदून हसला.

रस्त्यापलीकडे पेटीवाल्याच्या दुकानात उभी राहून गंगू हे बघत होती. ही बाई हसते! ही बाई बोलते, दुकानदाराशी, पानवाल्याशी, येणाऱ्या-जाणाऱ्याशी... फक्त आपल्याशी बोलत नाही! त्या पोरीच्या काळजाला काय झालं असेल ते तिचं तिलाच ठाऊक.

पण जयवंता आपल्या पोटच्या लेकीशी का बोलत नव्हती, हे सांगायला थोडं मागे जायला हवं.

गंगू जन्मली ती रझाकारांच्या धामधुमीत, बरकतपुऱ्यातल्या याच भाड्याच्या घरात. मंडळी मूळची परभणीकडची, शेतीवाली. हिम्मतराव महसूल खात्यात चिकटले म्हणून सगळं घर हैदराबादला आलं. बाळंतिणीच्या खोलीत सासू चतुराबाई पितळी थाळी घेऊन आल्या आणि बाळाच्या डोक्यामागे त्यांनी ती पळीने वाजवली. जयवंताला पळी थाळीवर पडताना तेवढी दिसली. तिने श्वास रोखून बाळाकडे पाहिलं. बाळ दचकलं! चतुराबाई आनंदाने रडू लागल्या, गल्लीत पेढे वाटले गेले. जयवंताही हरखली. पण त्या हर्षातच कुठेतरी एक बारीकसं एकटेपण होतं... हे लेकरू त्यांच्यातलं झालं, बोलणाऱ्यांतलं. आपल्यातलं नाही झालं.

ते एकटेपण लेकरानेच पुसून टाकलं. गंगू नीट बसायला लागली नाही तोच मूठ उघडझाप करून दूध मागू लागली. मग मांजर आलं, चांदोबा आला, 'अजून' आलं, 'बाबा कुठे' आलं, सगळं त्या इवल्या बोटांवर. जयवंता दिवसभर तिच्याशी बोले, तिला कामं सांगे, लटकं रागावे, गोष्टी सांगे. एकनाथ सकाळी जाई तो दिवे लागल्यावर येई. घरात दिवसाढवळ्या कुणाशी तरी बोलायला मिळतं आहे, हे सुख जयवंताला जन्मात पहिल्यांदा लाभलं होतं!

आणि तेच सुख सलायला लागलं. अडीच वर्षांची झाली तरी गंगू तोंडातून शब्द काढीना. चतुराबाईंचा जीव खालीवर होऊ लागला. "दोन मुकी पदरात घातली देवानं, आता तिसरं नक्को गं माय!" असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्यापाशी डोळ्यांना पदर लावून म्हणत. शेवटी त्यांनी नातीला एका मोठ्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरने घसा पाहिला, कान पाहिले आणि सांगितलं, "हातांवर भागतंय तोवर लेकरू जीभ कशाला हलवील? आईचे हात बंद करा." मोठी माणसं! त्यांना दोन वाक्यं बोलायला किती वेळ लागतो?

चतुराबाईंनी सुनेला पुढ्यात बसवलं. आधी जिभेवर बोट ठेवलं, मग दोन्ही मनगटं एकमेकांना बांधल्यासारखी धरली, मग गंगूच्या डोक्यावर जयवंताचा हात ठेवून तिला शपथ घातली. लेकराची जीभ मोकळी होईपर्यंत त्याच्याशी हातांनी बोलायचं नाही! जयवंतावर जबरदस्ती करावीच लागली नाही. बोलणाऱ्यांच्या जगात मुकं असणं म्हणजे काय, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. माझ्यासारखं जिणं हिच्या वाट्याला नको... एवढा एकच विचार त्या माउलीच्या अंतःकरणात उरला आणि तिने हात पदराखाली घेतले. एकनाथलाही तिने लेकरासमोर हात हलवू दिले नाहीत.

पुढचे दिवस आठवले की आजही तिच्या छातीत कळ येई. गंगू समोर येऊन मूठ उघडझाप करी, "दूध... दूध..." आईचे हात दिसेनात म्हणून पदराभोवती फिरे, पुन्हा समोर येऊन मूठ उघडझाप करी. काही दिवस तिने तसं केलं. मग तिने मागणंच सोडलं आणि ती मोठ्या काकूकडे, सत्यवतीकडे जाऊ लागली. सत्यवतीला मूल नव्हतं. तिने त्या लेकराला असं उराशी धरलं की जणू ते तिच्याच कुशीतून आलं होतं. गंगू तिला आई म्हणू लागली. जयवंताला हाक मारायला तिच्यापाशी नावच नव्हतं. हाक मारून उपयोग काय? काम असलं की पाय आपटायचा.

न्हाऊ घालणं, वेणी घालणं, ताट वाढणं जयवंताकडे होतं. हातांना काम करायची मुभा होती. बोलायची नव्हती.

आणि जीभ मोकळी झाली की नाही, हे ठरवायचं कुणी? आई बहिरी, बाप बहिरा! गंगूचे ओठ हलतात हे जयवंताला दिसत होतं. पण ओठ हलले म्हणजे बोलणं झालं असं थोडंच आहे? मुक्या-बहिऱ्यांच्या शाळेत तिचे स्वतःचेही ओठ वर्षानुवर्षं हलले होते. मास्तर तिचा हात आपल्या गळ्यावर ठेवून आवाज काढायला लावीत, ओठांसमोर कागदाची चिठ्ठी धरून 'प' म्हणवून घेत. शाळेच्या संमेलनात तिला पाहुण्यांपुढे उभं करून "नमस्कार" म्हणायला लावलं होतं. त्या दिवशी तिने समोरचे चेहरे पाहिले आणि त्यानंतर जन्मात पुन्हा घशातून आवाज काढला नाही.

म्हणून दरवर्षी गंगूच्या वाढदिवशी ती सत्यवतीच्या समोर जाऊन उभी राही, जिभेवर बोट ठेवी आणि भुवया उंचावी. "झाली मोकळी?" सत्यवतीला घरातल्या खाणाखुणा चांगल्या येत. ती तळहात हवेत हलवी. "अजून नाही... थोडं राहिलंय." जयवंता मान हलवी, देवापुढे दिवा लावी आणि आणखी एक वर्ष हात पदराखाली ठेवी. सासूला विचारायची तिची छाती नव्हती.

आणि आता हिम्मतरावांची ऑर्डर आली होती. त्यांना मुंबई राज्याकडे अलॉट केलं होतं; दिवाळीनंतर औरंगाबादला हजर व्हायचं होतं. चतुराबाई, सत्यवती आणि गंगू त्यांच्याबरोबर जाणार होत्या. एकनाथचं पोट इथल्या छापखान्यावर होतं, त्यामुळे तो आणि जयवंता मागे राहणार होते. गंगूचं काय, हा प्रश्न घरात कुणी विचारलाच नाही. तिचे फ्रॉक आपसूक सत्यवतीच्या पेटीत जाऊन बसले.

"आता तरी बोल तिच्याशी!" त्या करपल्या भाकरीच्या संध्याकाळी एकनाथ चिडून म्हणाला. त्याचे हात रागाने हवा कापत होते. "जाईल ती, आणि मग भिंतीशी बोलशील?"

"शपथ आहे. तिच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली."

"शपथ घालणारीने तरी आठवण ठेवली आहे का?"

"बोलणं अर्धवट राहिलं तर लोक तिला हसतील, एकनाथ. मी पाहिलेत ते चेहरे. थोडंच राहिलंय म्हणतात सत्यवतीअक्का."

एकनाथने दोन्ही हात मांडीवर आपटले आणि तोंड फिरवलं. बहिऱ्या नवराबायकोच्या भांडणात तोंड फिरवलं की भांडण संपतं, कारण पुढचं ऐकायचं असेल तर बघावं लागतं. जयवंता त्याच्या पाठीकडे बघत बसून राहिली. अंधार पडेपर्यंत तिने दिवा लावला नाही.

ऐन दिवाळीच्या तोंडावर हिमायतनगरच्या एका सभागृहात निरोपाचा कार्यक्रम ठरला. औरंगाबाद, नांदेड, परभणीकडे निघालेली पुष्कळ मराठी कुटुंबं होती. जयवंता अशा कार्यक्रमांना कधी जात नसे. भाषणांच्या सभेत बहिऱ्या माणसाने करायचं काय? पण फराळाच्या बशा भरायला बाया कमी पडत होत्या, म्हणून चतुराबाईंनी तिला ओढत नेलं. बशा भरून झाल्यावर ती मागच्या भिंतीला टेकून उभी राहिली आणि समोर पाहते तो काय... व्यासपीठावर गंगू! हिमायतनगरच्या शंभर माणसांपुढे, एकटी, इस्त्रीच्या फ्रॉकमध्ये! मुलांच्या वतीने तिला बोलायचं होतं.

जयवंताचं काळीज चरकलं. कुणी उभं केलं हिला? सांगितलं नाही का कुणी, की हिची जीभ अजून...! पुढे धावत जाऊन पोरीला खाली उतरवावं असं तिला वाटलं, पण पाय हलेनात. गंगूचे ओठ हलू लागले.

बहिरं माणूस सभेत बोलणाऱ्याकडे बघत नाही, लांबून ओठ काय दिसणार? ते ऐकणाऱ्यांकडे बघतं. जयवंताने भिंतीच्या कडेकडेने पुढे सरकत ऐकणाऱ्यांचे चेहरे पाहायला सुरुवात केली. ते कसे होतात हे तिला पाठ होतं. कुणी शेजाऱ्याकडे डोळ्याच्या कोपऱ्यातून बघतं, कुणी खोकल्याचं निमित्त करून रुमाल तोंडावर धरतं, आणि कुणी फार जोरजोरात मान डोलावतं. हे शेवटचे सगळ्यात वाईट. ती त्यांना शोधत होती. पहिल्या रांगेत शोधलं, दुसऱ्या रांगेत शोधलं...

एकही नव्हतं! पहिल्या रांगेतला एक म्हातारा चष्मा काढून उपरण्याने पुसत होता. एक बाई मांडीवरच्या तान्ह्याला थोपटायचं विसरून पुढे झुकली होती. दारातल्या माणसाच्या हातात विडी तशीच विझली होती. मध्येच सगळी सभा एकदम हसली, आणि ते हसणं गंगूने हसवलेलं होतं, गंगूला हसलेलं नव्हतं. हा फरक जयवंताला कुणी सांगायला नको होता! मग सगळे पुन्हा गप्प झाले आणि तो चष्मेवाला म्हातारा आता उघड उघड रडत होता.

माझी गंगू बोलते! अशी बोलते की माणसं विडी ओढायची विसरतात!

आनंदाचा लोंढा तिच्या हृदयात उसळला. आणि लगेच त्याच्या पाठोपाठ दुसरा विचार आला. एवढं बोलणं एका दिवसात येत नाही. मग हे केव्हापासून?...

तिची नजर बायांच्या रांगेत बसलेल्या सत्यवतीकडे गेली. सत्यवती तिच्याचकडे बघत होती. दोघींची नजरानजर झाली मात्र, सत्यवतीने मान खाली घातली.

घरी परतल्यावर जयवंता माडीवर आपल्या खोलीत जाऊन उभी राहिली. सत्यवती न बोलावताच वर आली, तिच्यामागून गुडघ्यांवर हात ठेवत चतुराबाई. एकनाथ खिडकीशी होता. जयवंताने जिभेवर बोट ठेवलं, मग तेच बोट मागे, खांद्यावरून मागे नेलं. "केव्हापासून?"

सत्यवतीला तोंडाने बोलल्याशिवाय खुणा करता येत नसत. ती हात आणि ओठ दोन्ही हलवत सांगू लागली.

"कधीच झाली होती गं जया... तू शपथ घेतलीस त्याच दिवाळीत. पहिला शब्द म्हणाली ती... 'आई'. मला म्हणाली, जया! मला!" तिने छातीवर हात मारला. "तुला सांगितलं असतं तर तुझे हात मोकळे झाले असते, आणि ते मोकळे झाल्यावर ती माझ्याकडे कशाला बघेल? उद्या सांगू, उद्या सांगू म्हणत राहिले. माझी ओटी रिकामी होती गं... मी चोरी केली! तुझ्या लेकराची चोरी केली!"

आणि ती थोरली जाऊ धाकटीच्या पायांशी कोसळली.

चतुराबाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. त्यांच्या तोंडाचा आ वासला होता. "म्हणजे हिला ठावंच नव्हतं?" त्या पुटपुटल्या. "अगं, मी म्हणतेय हीच घुमी, लेकराशी तुटून वागते... येता-जाता हिच्या नावानं बोटं मोडली की गं मी! आन् शपथ म्या घातलेली... म्या इसरून गेले!"

जयवंता हलली नाही. तिला राग यायला हवा होता. तो येतही होता, कुठून तरी खोल आतून वर चढत होता. पण त्याच्याही आधी तिच्या डोळ्यांपुढे ती इवली मूठ उभी राहिली, उघडझाप करणारी, थकून थांबलेली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

तेवढ्यात फळ्या हादरल्या. दारात गंगू होती. खाली जिन्यात उभी राहून तिने सगळं ऐकलं होतं. एरवी अशा वेळी मुलं धावत येऊन गळ्यात पडतात म्हणे. गंगू आली नाही. ती तिथेच उभी राहून जयवंताच्या पदराकडे टक लावून बघत होती. तिने सत्यवतीला काहीतरी विचारलं. सत्यवती डोळे पुसत उठली आणि खुणा करत जयवंताला सांगू लागली. "विचारते... आता तरी बोलशील का?"

जयवंताचे हात पदराबाहेर आले.

सगळं एकदमच आलं! दूध, चांदोबा, मांजर, प्रत्येक वाढदिवस, प्रत्येक वेणी, गोष्टी, रागावणं, माफ कर, माफ कर... वर्षानुवर्षं कोंडलेलं ते सगळं तिच्या बोटांतून धो धो वाहू लागलं. गंगू डोळे विस्फारून बघत राहिली आणि मग तिचा चेहरा रडवेला झाला. "मला कळंना! हे कायकू असं करायलीस? मला काईच कळंना!"

जयवंता थांबली. अडीच वर्षांच्या बोटांनी जे शिकलं होतं ते नवव्या वर्षातल्या बोटांना काहीच आठवत नव्हतं. ती गंगूपुढे गुडघ्यांवर बसली. बहिऱ्या माणसांत हाक मारायची नावं चालत नाहीत; जो तो आपल्या माणसाला हाताचं एक नाव देतो. चतुराबाईंचं नाव नथ, एकनाथचं नाव हनुवटीवरचा व्रण. गंगूला बाराव्या दिवशी जयवंताने एक नाव दिलं होतं, आणि तेव्हा ते पाळण्याभोवतीच्या एकाही बाईला कळलं नव्हतं. तिने दोन बोटं मनगटापासून हलवत हलवत पुढे नेली, गोदावरीच्या पाण्यासारखी, आणि शेवटी ती गंगूच्या छातीवर टेकवली.

"तुझं नाव," सत्यवती म्हणाली.

गंगूने करून पाहिलं. चुकलं. जयवंताने तिचं बोट धरून वाकवलं. पुन्हा चुकलं. तिसऱ्या वेळेला पाणी वाहिलं. मग गंगूने आजीकडे बोट दाखवलं, हिचं काय? जयवंताने नाकाशी नथीचा गोल काढला, आणि गंगूला रडता रडता हसू फुटलं. ती त्या दिवशी खाली जेवायला गेलीच नाही. ताट माडीवरच वाढलं.

पुढचे चार दिवस त्या मायलेकी एकमेकींना सोडून हलल्या नाहीत. भाकर, मीठ, मांजर, दिवाळी, ये, जा, झोप, पुन्हा. एकनाथ छापखान्यातून लवकर घरी येऊ लागला. एका संध्याकाळी तो आला तेव्हा जयवंताच्या पलंगावर गंगूच्या फ्रॉकांची चळत होती. सत्यवतीने पेटीतून ते वेगळे काढून, घड्या करून आणून ठेवले होते. तिच्या तोंडावर रक्ताचा थेंब नव्हता. "घे जया. तुझी तुला. आमचे हेही हो म्हणालेत."

"आता ती आपली!" एकनाथचे हात विजयाने उंचावले. "कुठेही जायची नाही!"

जयवंताने लेकीकडे पाहिलं. गंगू फ्रॉकांकडे बघत होती, मग सत्यवतीकडे, मग जयवंताकडे, पुन्हा सत्यवतीकडे. तिच्या ओठांवर एकच शब्द होता आणि तो जयवंताला स्पष्ट वाचता आला. "आई..." कुणाला उद्देशून, ते त्या पोरीलाही कळत नव्हतं. तिने सत्यवतीचा पदर एका मुठीत धरला होता आणि दुसरा हात जयवंताकडे केला होता.

जयवंता उठली. तिने फ्रॉकांची चळत उचलली, जिना उतरून नेली आणि सत्यवतीच्या पेटीत होती तिथे ठेवली.

"वेडी झालीस का?" एकनाथ मागोमाग धावत आला होता. "इतकं भोगलंस ते यासाठी? पुन्हा त्यांनाच देतेस?"

"ऐक. माझे हात बंद झाले त्या दिवशी गंगूची आई गेली. ती मूठ उघडझाप करत राहिली आणि आई आलीच नाही. तुला आठवतं? मला आठवतं." तिची बोटं थांबली, मग पुन्हा चालू झाली. "मग तिला दुसरी आई मिळाली. आता ही पण काढून घेऊ? एका लेकराची आई दोनदा जाऊ द्यायची?"

"मग तिलाच विचार!"

"नाही! विचारायचं नाही. जिला ती सोडेल तिचं तोंड जन्मभर तिच्या डोळ्यांपुढे राहील. निवड मी करते. ओझं माझ्याकडे राहू दे."

"आणि तुझं काय?"

जयवंताने तोंड फिरवलं.

काचिगुड्याच्या फलाटावर मनमाडची गाडी लागली तेव्हा नुसता कालवा होता. बिऱ्हाडंच्या बिऱ्हाडं निघाली होती, पेट्या, वळकट्या, पाण्याच्या सुरया, पिंजऱ्यातले पोपट. रिक्षावाला सामान उतरवता उतरवता ओरडत होता, "जल्दी करो अम्मा, गाड़ी छूट जाती!" चतुराबाईंनी धाकट्या सुनेच्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली, आणि मग काय करावं हे न सुचून, तिचे दोन्ही हात उचलून आपल्या कपाळाला लावले. सत्यवती जवळ आली नाही. ती डब्याच्या दारातच उभी होती. तिची नजर वर उचलली जात नव्हती.

गाडी हलली. फलाट आणि गाडी यांच्यामधून एकच आरडाओरडा उठला. पत्र पाठवा, सांभाळून जा, पोचल्याचं कळवा... इंजिनाने शिट्टी दिली आणि त्यातला एक शब्दही कुणाला ऐकू गेला नाही. हिम्मतराव खिडकीतून हातांचा कर्णा करून भावाच्या नावाने काहीतरी ओरडत होते. बहिऱ्या भावाला! बिचाऱ्यांना त्या घडीला तेही सुचलं नाही.

गंगू दारात उभी होती. एका हाताने तिने दांडा धरला होता आणि दुसऱ्या हाताने ती बोलायचा प्रयत्न करत होती. "ये." जयवंता गाडीबरोबर चालू लागली. "येईन!" गंगूला आणखी काही सांगायचं होतं, पण ते दोन हातांचं होतं. तिने दांडा सोडला. आतून चतुराबाई किंचाळल्या...

तेवढ्यात सत्यवती पुढे झाली. तिने पाय रोवले, मागून गंगूच्या कमरेला दोन्ही हातांनी गच्च मिठी घातली, गाल तिच्या पाठीला टेकला आणि तिला तोलून धरलं. आता गंगूचे दोन्ही हात मोकळे होते.

आणि गंगू बोलू लागली! चार दिवसांत जेवढं शिकली होती तेवढं सगळं, येईल तसं, उलटंसुलटं... "भाकर, मांजर, दिवाळी, तू ये, झोप, मीठ, पुन्हा, पुन्हा, पुन्हा..." अर्थ लागत होता की नाही याची तिला पर्वा नव्हती, बोलायचं होतं आणि शब्द तेवढेच होते. जयवंता फलाटावरून धावत होती आणि प्रत्येक शब्दाला उत्तर देत होती. गर्दीतले लोक थांबून बघू लागले. एवढ्या त्या गोंगाटात दोनच माणसांचं बोलणं चाललं होतं, आणि त्यातला शब्दन्‌शब्द पोचत होता.

फलाट संपला. जयवंता काठावर थांबली, पण तिचे हात थांबले नाहीत. गाडी वळणाकडे झुकली, गंगूचा चेहरा ओळखू येईनासा झाला. तरी हवेत हलणारे ते दोन हात दिसत होते, आणि तिच्या कमरेभोवती घट्ट धरलेले सत्यवतीचे दोन हातही शेवटपर्यंत दिसत होते.